चार्जर काढून किती वीज वाचते? देवळाली कॅम्पमधल्या घराचा सोपा हिशोब

"मोबाईल चार्ज झाला ना? मग बटण बंद कर, वीज जाते!" हे वाक्य ज्या घरात ऐकू येत नाही असं घर शोधूनच काढावं लागेल. म्हणणाऱ्याचं काही चूक नाही, वीज जातेच. प्रश्न एवढाच आहे की किती जाते. कारण त्याच घरात बाथरूममधला गिझर सकाळपासून चालू असतो आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

मित्रांनो, वीज वाचवण्याचे फायदे या विषयावर शाळेत आपण सगळ्यांनीच निबंध लिहिलाय. त्यात आकडे नसायचे. या लेखात आपण उलटं करू, आकड्यांपासूनच सुरुवात करू. उदाहरणासाठी नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पमधलं चार माणसांचं घर घेऊ. इथे हिवाळ्यात नाशिकचा पारा १० अंशांच्या खाली जातो आणि मे महिन्यात चाळिशीच्या आसपास असतो, म्हणजे गिझर आणि पंखा दोघांनाही भरपूर काम. नागरी भागातल्या घरांना बिल महावितरणचं येतं, त्यामुळे हा हिशोब महाराष्ट्रातल्या बहुतेक वाचकांना जसाच्या तसा लागू पडेल.

आधी मोबाईलचा निकाल लावू

एक युनिट म्हणजे १००० वॉटचं उपकरण एक तास चाललं की लागणारी वीज. १०० वॉटचं असेल तर तेच युनिट दहा तासांत होतं. एवढं लक्षात ठेवलं तरी पुढचं सगळं समजेल.

आता तुमच्या हातातला फोन घ्या. ५००० एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण १९ वॉट-तास ऊर्जा. चार्जर आणि बॅटरी तापण्यात जी वाया जाते ती धरली तर भिंतीतून २५ वॉट-तासांच्या आसपास वीज ओढली जाते. म्हणजे एका युनिटमध्ये फोन सुमारे ४० वेळा पूर्ण चार्ज होतो. रोज शून्य ते शंभर चार्ज केला तरी वर्षाला ९ युनिट. सगळे कर धरून साठ ते सव्वाशे रुपये, तेसुद्धा वर्षाचे.

आणि बोर्डाला नुसता लटकलेला चार्जर? चांगल्या कंपनीचा आजचा चार्जर फोन न लावता ०.१ वॉटच्या आसपास वीज घेतो. वर्षभर तसाच ठेवला तर जेमतेम एक युनिट. बटण बंद करा, ती चांगलीच सवय आहे, पण सुरक्षिततेसाठी करा. बिल त्याने हलणार नाही.

मीटरचा लाल दिवा आणि तुमचं स्टॉपवॉच

मग बिल हलवतं कोण? हे शोधायला वेगळं यंत्र विकत घ्यायची गरज नाही. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्याजवळ इंग्रजीत एक आकडा छापलेला असतो, ३२०० इम्प/केडब्ल्यूएच असा काहीतरी. याचा अर्थ दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. काही मीटरवर हा आकडा १६०० किंवा ६४०० असतो, तुमच्या मीटरवर कोणता आहे तो बघा.

घरातली सगळी उपकरणं बंद करा. फ्रिजचं बटण पाच मिनिटं बंद राहिलं तर दूध नासत नाही. इन्व्हर्टर असेल तर त्याचं चार्जिंगही थांबवा, नाहीतर तो गुपचूप वीज ओढत राहील. आता ज्याची परीक्षा घ्यायची तेवढं एकच उपकरण चालू करा. दिवा लुकलुकला की फोनचं स्टॉपवॉच सुरू करा आणि तिथून पुढच्या दहा लुकलुकींना किती सेकंद लागले ते मोजा. ३२००च्या मीटरसाठी ११,२५० ला त्या सेकंदांनी भागलं की उत्तर थेट वॉटमध्ये. आकडा १६०० असेल तर ११,२५० ऐवजी २२,५०० घ्या, ६४०० असेल तर ५,६२५.

जुना छताचा पंखा फुल स्पीडवर असेल तर दहा लुकलुकींना अडीच मिनिटं लागतात. म्हणजे ११,२५० भागिले १५०, उत्तर ७५ वॉट. गिझर लावलात तर त्याच दहा लुकलुकी साडेपाच सेकंदांत उरकतात, डोळ्यांनी मोजणं अवघड जातं. अशा वेळी फोनवर स्लो मोशन व्हिडिओ काढा आणि नंतर निवांत मोजा. (मीटरला हात लावायचा नाही, सील तर अजिबात नाही. फक्त बघायचं आणि मोजायचं.)

हा प्रयोग एकदा घरच्यांसमोर करून बघा. गिझर लावल्यावर तो लाल दिवा ज्या वेगाने धावतो ते बघितल्यावर वेगळं सांगावं लागत नाही.

शंभराच्या पुढचं युनिट महाग का पडतं

महावितरणचा घरगुती दर टप्प्यांचा आहे: १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. २०२४-२५ मध्ये पहिल्या टप्प्यात वीज आकार आणि वहन आकार मिळून युनिटला ५.८८ रुपये पडत होते, दुसऱ्या टप्प्यात ११.४६ रुपये. जवळजवळ दुप्पट. दर बदलत राहतात, त्यामुळे आजचा आकडा तुमच्या बिलावरच बघा.

इथे एक गैरसमज फार पसरलाय. "१०१ युनिट झाले की सगळ्याच युनिटला वरचा दर लागतो" असं अनेकजण छातीठोकपणे सांगतात. तसं नाही. पहिली १०० युनिट खालच्याच दराने मोजली जातात, वरचा दर फक्त वरच्या युनिटना.

समजा आपल्या उदाहरणातलं घर महिन्याला १३० युनिट वापरतं. २०२४-२५ च्या दराने पहिल्या १०० चे ५८८ रुपये आणि उरलेल्या ३० चे ३४४ रुपये. म्हणजे युनिटमध्ये त्या ३० चा वाटा २३ टक्के, पण पैशांत ३७ टक्के! त्यावर १६ टक्के वीज शुल्क वेगळं. स्थिर आकार मात्र तुम्ही काहीही केलंत तरी तेवढाच राहतो.

याचा सरळ अर्थ असा की तुम्ही जे युनिट वाचवता ते नेहमी बिलातलं सर्वांत महाग युनिट असतं. चार टक्के वीज वाचली की चार टक्के बिल वाचलं असा हिशोब इथे चालत नाही, फायदा त्याहून जास्त होतो. उलट ज्यांचा वापर आधीच ८०-९० युनिट आहे त्यांना तेवढ्याच बचतीचे निम्मे पैसे मिळतील. यूट्यूबवर "हे करा आणि बिल निम्मं करा" सांगणारे हा फरक कधीच सांगत नाहीत.

पंखा: न दिसणारा खर्च

पंखा कमी वीज घेतो असं आपल्याला वाटतं, कारण तो तापत नाही आणि आवाज करत नाही. पण तो चालतो किती? उन्हाळ्यात रोज बारा तास तर सहज. ७५ वॉटचा जुना पंखा महिन्याला २७ युनिट खातो. बीएलडीसी मोटरचा पंखा तेवढाच वारा ३० वॉटच्या आसपास देतो, म्हणजे महिन्याला ११ युनिट. एका पंख्यामागे १६ युनिटची बचत.

हा फरक येतो कुठून? साध्या पंख्याच्या मोटरमध्ये फिरणाऱ्या भागात चुंबकत्व तयार करायलाच बरीच वीज खर्च होते आणि तिची उष्णता होते. बीएलडीसीमध्ये तिथे कायमचे चुंबक बसवलेले असतात आणि कोणत्या वेटोळ्याला कधी वीज द्यायची ते एक छोटं सर्किट ठरवतं. तुमच्या कॉम्प्युटरच्या आत फिरणारा छोटा पंखाही याच जातीचा.

आपल्या १३० युनिटच्या घराने असे दोन पंखे बदलले तर वापर ९८ वर येतो आणि शुल्कासकट बिल सुमारे ४०० रुपयांनी कमी होतं. म्हणजे वर्षातले सात-आठ महिने पंखा भरपूर चालत असेल तर दोन वर्षांच्या आत पंख्याची किंमत वसूल होते. फक्त ज्या खोलीत पंखा सगळ्यात जास्त चालतो तिथला आधी बदला. पाहुण्यांच्या खोलीतला जुनाच राहू द्या, तो बदलून काही हाती लागणार नाही. छताच्या पंख्यांना जानेवारी २०२३ पासून स्टार लेबल बंधनकारक आहे, त्यामुळे दुकानदाराच्या बोलण्यापेक्षा लेबलवरचा आकडा वाचा. जुन्या मोठ्या डब्यासारखा रेग्युलेटर असेल तर तोही बदला. त्यात पंखा एक नंबरवर ठेवला तरी उरलेली वीज रेग्युलेटर तापवण्यात जाते.

घरी इन्व्हर्टर असेल तर याचा दुसरा फायदा वीज गेल्यावर कळतो. २००५ नंतरची काही वर्षं महाराष्ट्राने जे भारनियमन सोसलं ते घरातल्या मोठ्यांना विचारा. आता तसं नसलं तरी पावसाळ्यात फीडर बंद पडतोच. १५० एएचच्या बॅटरीतून प्रत्यक्षात बाराशे-तेराशे वॉट-तास मिळतात असं धरू. तीन जुने पंखे आणि दोन ट्यूब मिळून ३०० वॉट, म्हणजे चार तास. तेच तीन बीएलडीसी पंखे आणि दोन एलईडी ट्यूब मिळून १३० वॉट, म्हणजे साडेनऊ तास. बॅटरी तीच, पण अख्खी रात्र निघते. परीक्षेच्या दिवसांत याची किंमत रुपयांत मोजता येत नाही.

बाथरूममध्ये जाते ती खरी वीज

आता हिवाळा. पाणी तापवणं हे घरातलं सगळ्यात खर्चिक काम आहे, कारण पाण्याला तापायला उष्णता फार लागते. १८ अंशांचं एक बादली, म्हणजे २० लिटर पाणी ४० अंशांवर न्यायला अर्धं युनिट लागतं. अर्ध्या युनिटमध्ये तुमचा फोन वीस वेळा चार्ज होतो! चार माणसं, चार बादल्या, रोज दोन युनिट, महिन्याला साठ. शॉवरखाली पाच मिनिटं उभं राहिलात तर पाणी दुप्पट आणि वीजही दुप्पट.

इथे नेहमीचा वाद येतो: रॉड बरा की गिझर, साधा गिझर बरा की इन्स्टंट? इन्स्टंट गिझर ३००० वॉटचा म्हणून जास्त वीज खातो असं लोकांना वाटतं. पण तेवढंच पाणी तेवढंच तापवायचं असेल तर लागणारी ऊर्जा तेवढीच. ३००० वॉटचा दहा मिनिटांत तापवेल, १५०० वॉटचा रॉड वीस मिनिटांत. युनिट सारखीच. फरक पडतो तो तापवून ठेवलेल्या पाण्यामुळे. टाकीचा गिझर दिवसभर चालू ठेवला की आतलं पाणी हळूहळू गार होतं आणि तो पुन्हा पुन्हा तापवत बसतो, कुणी अंघोळ न करता. म्हणून अंघोळीच्या वीस मिनिटं आधी लावा, सगळ्यांनी लागोपाठ अंघोळी उरका आणि बंद करा. थर्मोस्टॅट ७० वर ठेवून नंतर गार पाणी मिसळण्यापेक्षा ५० वर ठेवा. आणि रॉड वापरत असाल तर बादलीत हात घालून पाणी बघण्याआधी प्लग काढा, ही सूचना वीज वाचवण्यासाठी नाही, जीव वाचवण्यासाठी आहे.

आजीच्या काळी अंगणात तांब्याचा बंब असायचा, त्यात काटक्या आणि नारळाच्या करवंट्या जळायच्या. धूर व्हायचा, पण पाणी तापवायला किती इंधन लागतं हे डोळ्यांना दिसायचं. बटणाने ते दिसेनासं झालं, एवढाच काय तो फरक.

गच्ची तुमची असेल तर सोलर वॉटर हीटर हा यावरचा सरळ उपाय. १०० लिटरचा हीटर वर्षाला १५०० युनिटपर्यंत वीज वाचवू शकतो, असा सरकारी अंदाज आहे. आपल्याकडे थंडी पडते तेव्हा आकाश बहुतेक निरभ्र असतं, हे नाशिककरांचं नशीब. हवा गार, पण ऊन कडक. ढगाळ पावसाळ्यात मात्र गिझर लागेलच.

वीज तयार करणारे सोलर पॅनेल हा वेगळा विषय. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३०,००० रुपये आणि तीन किंवा जास्त किलोवॉटला एकूण ७८,००० रुपये अनुदान आहे. पण माझं मत स्पष्ट आहे: आधी वापर कमी करा, मग पॅनेल मोजा. एक किलोवॉट महिन्याला साधारण १००-१२० युनिट देतो. वापर ९८ वर आणलेल्या घराला तेवढा पुरतो, १६० युनिटच्या घराला दोन किलोवॉट लागतात.

एकलहऱ्याचा कोळसा

देवळाली कॅम्पहून नाशिकरोडच्या पलीकडे गेलात की एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राच्या उंच चिमण्या दिसतात. महानिर्मितीचं हे केंद्र, २१० मेगावॉटचे तीन संच, चाळीस वर्षांहून जुने. कोळसा रेल्वेने येतो, पाणी गोदावरीचं.

तुमच्या गिझरमधली वीज नेमकी एकलहऱ्याचीच असते असं म्हणता येत नाही. सगळी केंद्रं एकाच जाळ्यात वीज सोडतात आणि आपण त्या जाळ्यातून घेतो. पण अशा केंद्रात काय होतं ते समजून घेण्यासारखं आहे. जळलेल्या कोळशातल्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांशच विजेत बदलते, बाकीची चिमणीतून आणि थंड करणाऱ्या पाण्यातून निघून जाते. त्यात तारांमधली गळती धरा. म्हणजे तुम्ही घरात एक युनिट वाचवलंत की तिकडे तीन युनिटहून जास्त उष्णता निर्माण करणं टळतं. कोळशाच्या भाषेत एका युनिटला सहाशे-सातशे ग्रॅम. अंघोळीची ती ६० युनिट म्हणजे महिन्याला चाळीस किलोच्या आसपास कोळसा! एवढं पोतं दर महिन्याला जिना चढून वर आणावं लागलं असतं तर गिझर कुणी विसरला नसता.

आता सोलर वाढल्यामुळे दुपारची वीज बरीचशी उन्हातून येते आणि संध्याकाळी दिवेलागणीनंतर पुन्हा कोळशावरचा भार वाढतो. म्हणून वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर, इस्त्री ही कामं जमेल तेव्हा दुपारी केलेली बरी.

जुने बंगले आणि नवे स्लॅब

ब्रिटिशांनी देवळालीला छावणी वसवली. इंग्लंडला परत जाणारे सैनिक जहाजाची वाट बघत इथे आठवडेच्या आठवडे पडून असायचे. (डोकं फिरलेल्या माणसासाठी इंग्रजीत जो 'डुलॅली' शब्द आहे तो याच देवळालीवरून आलाय.) पुढे हवापालटासाठी लोक यायला लागले. लॅम रोडच्या आसपास त्या काळातले काही बंगले आणि सॅनिटोरियम अजून उभे आहेत. उंच छत, मंगलोरी कौलं, चहूबाजूंनी व्हरांडा, समोरासमोर खिडक्या. ऊन भिंतीपर्यंत पोचतच नाही आणि गरम हवा वर निघून जाते. एसीचा शोध सामान्यांपर्यंत पोचण्याआधी हाच एसी होता.

आजचा वरच्या मजल्याचा फ्लॅट याच्या उलट. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता खोलीत सोडतो, म्हणून मे महिन्यात रात्री अकराला पंख्याखाली गरम वारा येतो. गच्चीवर पांढरा, ऊन परतवणारा रंग लावला तर हा त्रास बराच कमी होतो. भाड्याच्या घरात राहत असाल तर दुपारी पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून पडदा किंवा चिकाची चटई सोडा. बाहेरून का? कारण काचेच्या आत आलेलं ऊन पडद्याला तापवतं आणि पडदा खोलीला. एसी असेलच तर २४ वर ठेवा. एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, म्हणूनच जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या नव्या एसीमध्ये २४ हेच सुरुवातीचं तापमान ठरवून दिलंय.

उरलेली वीज शोधायची कशी

फ्रिज भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. दार बंद केल्यावर आतला दिवा विझतो का, असा प्रश्न लहानपणी सगळ्यांना पडतो. फोनवर व्हिडिओ सुरू करून आत ठेवा आणि अर्ध्या मिनिटाने बाहेर काढा, उत्तर मिळेल. दाराच्या रबरात दहाची नोट अडकवून बघा, सहज सुटून आली तर रबर ढिलं झालंय.

फोनबद्दल एक गोष्ट राहिली. चार्जिंगला वीज नगण्य लागते, पण फोन तयार करायला प्रचंड लागते. एका फोनच्या आयुष्यातल्या प्रदूषणाचा बहुतांश भाग तो तुमच्या हातात येण्याआधीच होऊन गेलेला असतो. त्यामुळे दोन वर्षांऐवजी चार वर्षं तोच फोन वापरणं हीच फोनच्या बाबतीतली खरी ऊर्जा बचत. त्यासाठी चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सेटिंग चालू ठेवा आणि उशीखाली फोन तापवू नका. गरज पडली तर फोन न बदलता बॅटरी बदला.

शेवटचा प्रयोग रात्री करा. झोपायच्या आधी पंखे, दिवे, फ्रिज सगळं पाच मिनिटं बंद करून मीटरजवळ उभे राहा. काहीच चालू नाही आणि तरी दिवा लुकलुकतोय? मोजा. दहा लुकलुकींना साडेसात मिनिटं लागली तर २५ वॉट कुठेतरी चोवीस तास जातायत. महिन्याला १८ युनिट, एका बीएलडीसी पंख्याच्या बचतीपेक्षा जास्त. बहुतेक वेळा हा सेट-टॉप बॉक्स असतो. रिमोटने 'बंद' केला तरी तो आतून जागाच असतो. त्याच्या शेजारी वायफाय राउटर, जुना होम थिएटर आणि कुणी वर्षभर न वापरलेला प्रिंटर. एकेकाची वायर काढत जा आणि प्रत्येक वेळी दिव्याकडे बघा. ज्याच्या वायरीनंतर तो एकदम मंदावेल, त्याचं बटण भिंतीवरून बंद करायचं.